दोन बांबूंमधला युरोप

सन १९६४च्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी नऊ वाजता, श्री. कमलाकांत यांनी सीमावर्ती प्रदेशाच्या सायकलदौऱ्यास सहकुटुंब प्रस्थान ठेवले. प्रदेश म्हणजे बोईसर ते तारापूर. कुटुंब म्हणजे मागच्या कॅरियरवर पत्नी मंदा आणि तिच्या मांडीवर अकरा महिन्यांची शकू.

याला कारण एक मासिक. त्यात कुणा गृहस्थाने युरोपातल्या सरहद्दीवरच्या गावांतून सायकलने केलेला उन्हाळी प्रवास वर्णिला होता. न्याहारी एका देशात, जेवण दुसऱ्या देशात, शिपाई सलाम करताहेत, ऊन तेवढं कडक. कमलाकांतने लेख तीनदा वाचला, खाकी अर्धी चड्डी शिवून घेतली आणि जाहीर केलं, "हद्दी आपल्याकडेही आहेत. दृष्टी पाहिजे."

मंदा बी. ए. झालेली. दृष्टी तिलाही होती, पण ती सदा शकूच्या टाळूवर असायची. तिनं टाळूवर ओला रुमाल घातला, वीस मिनिटं उकळलेलं पाणी बाटलीत भरलं आणि "एवढ्या उन्हात?" इतकंच विचारलं.

"तिथंही ऊनच होतं," कमलाकांत म्हणाला.

वाटेतलं वरची पाली हे गाव ओलांडलं, आणि मागे बांबू आडवा पडला. पन्नास पावलांवर खालच्या पालीचा बांबू आधीच आडवा होता. पटकीची साथ आल्यामुळे दोन्ही ग्रामपंचायतींनी एकमेकींपासून स्वतःचं रक्षण करण्याचा ठराव केला होता. खालच्या बांबूपाशी मांडव घालून पुंडलिक कारकून रजिस्टर उघडून बसला होता.

"बाहेरचं पाणी आत नेता येत नाय," असं म्हणत त्यानं बाटली घेतली.

"अहो, उकळलेलं आहे! बाळाचं आहे!"

"उकळल्याचा दाखला?"

दाखला नव्हता. पाणी धुळीत गेलं. धुळीनं ते दाखला न मागता पिऊन टाकलं.

"आतलं पाणी मिळंल," पुंडलिक दिलाशानं म्हणाला. "फकस्त सुई टोचलेल्यांना."

"आम्ही दोघांनी टोचून घेतलीय."

"आन् लेकरू?"

"वर्षाच्या आतल्यांना टोचत नाहीत."

"बराबर. म्हणून त्यांना आत घेत नाय, आन् पाणी बांबूबाहेर देत नाय."

मंदानं मागं वळून पाहिलं. वरच्या पालीचा पहारेकरी लांबूनच ओरडला, "हद्द सोडली, आता परत यायचं तर निरोगी असल्याचा दाखला लागंल! खालच्या पालीचा!"

"आमी आत आलेल्यालाच दाखला देतो," पुंडलिकनं खुलासा केला.

"अगदी युरोप!" कमलाकांत हरखून म्हणाला आणि त्यानं वही काढली.

शकू आधी रडली. मग रडायची थांबली, आणि मंदानं तिच्या तोंडावरून हात फिरवला. बाळाचे ओठ कोरडे पडले होते, कानशिलं तापली होती. अंगावरचं दूध तर महिन्यापूर्वीच आटलं होतं.

तेवढ्यात वरच्या पालीकडून नवसी नावाची एक आदिवासी बाई आली. डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी. मंदानं हात पुढे केला, तोच पुंडलिक उठला.

"थांबा. ताडगोळा फळ हाय, त्याला आमची हरकत नाय. पर ताड दारूबंदीत येतो. लेकराच्या नावाचं परमिट हाय का?"

"अकरा महिन्यांच्या मुलीचं?"

"म्हणजे अज्ञान. मग तर गुन्हा मोठा."

नवसी मात्र वाकून बांबूखालून पलीकडे गेली. पुंडलिकनं मानही वर केली नाही.

"हिला कसं सोडलंत?"

"ती रजिस्टरला नाय. वरच्या पालीवाले म्हणतात ती खालची, आमी म्हणतो वरची."

"मग तिची मुलं पाणी पितात?"

"पितात की. जो रजिस्टरला नाय, त्याला पटकी हुईल कशी?"

मंदा बी. ए.ला तर्कशास्त्रात पहिली आली होती. तिनं क्षणभर शकूकडे पाहिलं, नवसीच्या मळलेल्या लुगड्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून लेक बांबूवरून पुढे केली.

"अगं बाई, हिला घेतेस का जरा?"

"आण बाय. माजी म्हणून नेते," नवसी म्हणाली. "सात झाली माजी, ही आठवी."

पुंडलिकनं आवक या रकान्यात शून्य लिहिलं.

विहिरीवर नवसीनं ओंजळीतून थेंब थेंब पाणी पाजलं, ताडगोळा कुस्करून बोटानं चाटवला, पदर भिजवून अंग पुसलं. इकडे बांबूला धरून मंदाचे ओठ नुसतेच हलत होते. अर्ध्या तासानं शकू नवसीच्या नथीला हात घालून खळखळून हसली. मंदा तेव्हा रडली.

परत देताना पुंडलिकनं अडवलं नाही. "जी आलीच नाय, ती गेली कशी लिहू?"

एक वाजता दोन्ही बांबू वर गेले. जेवणाच्या सुट्टीत पटकी येत नाही, असा पंचायतींचा अनुभव होता.

घरी कमलाकांतनं लगेच मासिकासाठी 'सीमेवरची माणुसकी' लिहायला घेतलं. त्यात नवसीचा उल्लेख 'एक भोळी वनवासी स्त्री' असा होता.

मंदानं बंब पेटवला आणि शकूला कार्बोलिक साबणानं दोनदा आंघोळ घातली. नवसीच्या अंगाला लागलेलं झबलं धुतलं नाही, टाकूनच दिलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. नियम आहे, इतकंच. तो कुठल्या पंचायतीनं केला, कुठल्या कागदावर आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

वाचकहो, तुम्हालाही ते सांगता येणार नाही. पण दोनदा का, असं तुमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही.