खरा बर्गर अकोल्याला मिळतो

गावाची प्रगती मोजण्याची मापे काळाबरोबर बदलत जातात. एके काळी गावात दहावीचे परीक्षा केंद्र असले की गाव पुढारलेले मानत. पुढे रेल्वेचा थांबा आला, मग नाना-नानी पार्क, मग उड्डाणपूल. (पुलाखाली पाणी साचत असेल तर गाव अधिकच पुढारलेले, कारण त्यावरून पूल आहे हे सिद्ध होते.) हल्ली हे सारे मागे पडून एकच कसोटी उरली आहे. तिथे बर्गर कसा मिळतो?

ही कसोटी अमरावतीला लावण्याचे काम प्रियदर्शनीने केले. तिचे वय अकरा. वडील संघपाल यांची पुण्याहून अमरावतीला बदली झाली आणि एप्रिलअखेर सारे घर आजोबांकडे राहायला आले. पंधरा दिवसांत तिने जेवणाच्या ताटावर आपला अहवाल सादर केला: येथे ऊन फार आहे, लोक भांडल्यासारखे बोलतात, आणि बर्गर मिळत नाही. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय नसल्याचे तिला मान्य होते. तिसरीवर मात्र तिने उपाय काढला होता. सातवीला ती पुण्यात मावशीकडे राहून शिकणार होती. मावशीने कपाटाचा एक कप्पा रिकामाही केला होता. यावर वडील "बघू" म्हणाले, आई "बघू" म्हणाली, आणि ज्या घरात दोघेही "बघू" म्हणतात तिथे निर्णय होऊन गेलेला असतो.

आजोबा देवराव यांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले. स्वतःची नात मात्र त्यांना अकरा वर्षे दिवाळीत आणि फोनवर भेटत होती. ती येणार म्हणून त्यांनी गॅलरीत एक फळा टांगला होता आणि रंगीत खडू आणून ठेवले होते. "राहा ना बेटा" एवढे म्हणायला त्यांचा जीव आसुसला होता. पण उत्तर आपण सांगायचे नाही, मुलाला शोधू द्यायचे, ही सवय चाळीस वर्षांत हाडीमाशी मुरलेली.

"तुझा निष्कर्ष किती बर्गरांवरून काढला?" त्यांनी विचारले.

"एका."

"एका उदाहरणावरून नियम करत नसतात."

"मग दुसरा दाखवा ना, आबाजी!"

करार झाला. उत्तम बर्गर सापडला तर प्रियदर्शनी अमरावतीत राहणार, नाही सापडला तर जाणार. विदर्भात उन्हापायी शाळा उशिरा उघडतात, पुण्यात लवकर. मावशी जूनच्या दुसऱ्या रविवारी न्यायला येणार होती. तीच अंतिम मुदत.

"चाळीस वर्सं पोट्टे शिकवले," आजी ललिताबाई आतून म्हणाल्या, "आता पावाच्या मागं लागले."

तज्ज्ञ सदस्य म्हणून शेजारच्या खुशालरावांना घेण्यात आले. तेल्हाऱ्याची कपाशी मुलाच्या हवाली करून ते अमरावतीत राहायला आले होते. त्यांनी जन्मात बर्गर पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

मोहिमेचा आरंभ शास्त्रीय पाहणीने झाला. सकाळी फिरायला येणारी मंडळी, भाजीवाले, दवाखान्याच्या बाकावर बसलेले रुग्ण, अशा सर्व थरांतील नागरिकांना एकच प्रश्न विचारला गेला: गावात चांगला बर्गर कुठे मिळतो? शंभर टक्के नागरिकांनी तत्काळ आणि ठाम उत्तर दिले. "माहीत नाही" असे सांगणारा एकही निघाला नाही. बाहेरून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, ही वऱ्हाडची रीत आहे. आणि हातात द्यायला काही नसेल तर पत्ता देतात.

"पण तुम्ही स्वतः खाल्लाय का?" असे प्रियदर्शनी प्रत्येकाला विचारी. हा प्रश्न लोकांना लागे.

"मी कुठं खातो बाप्पा, मले बीपी हाय," असे कोणी म्हणे. कोणाच्या साडूच्या पोराने खाल्लेला असे. स्वतः खाल्लेला एकच गृहस्थ सापडला, आणि खोलात गेल्यावर तो वडापाव निघाला.

मिळालेल्या पत्त्यांवर प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्या. मूल्यमापनासाठी देवरावांनी विषय ठरवून दिले: पाव, आतला ऐवज, चटणी, आणि शिस्त. (शिस्त म्हणजे चावा घेतल्यावर आतले सदस्य जागेवर राहतात की मागल्या दाराने पसार होऊन सदऱ्यावर येतात.) पहिली भेट 'न्यू हिमालय फास्ट फूड व झेरॉक्स' या आस्थापनेला झाली. बर्गर आला तेव्हा त्याच्या डोक्यात काडी खुपसून वर लाल चेरी बसवलेली होती, आणि सोबत वाटीत तर्री होती. खुशालरावांनी आधी पावाचा एक तुकडा तोडला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणला आणि उजेडात धरला. बाजार समितीत आयुष्यभर कापसाचा धागा असाच पाहत आले होते.

"धागा आखूड हाय," ते म्हणाले. "अन् ओल हाय."

मग त्यांनी उरलेल्या बर्गरवर तर्री ओतली. देवरावांना हा प्रयोगात हस्तक्षेप वाटला; पण तर्रीनंतर बर्गर सुधारला हेही त्यांना नमूद करणे भाग पडले. प्रियदर्शनीने नापास केला.

'महाराजा फॅमिली गार्डन'मध्ये बर्गर काटा-चमच्याने, लग्नाच्या मंडपातून उरलेल्या खुर्च्यांवर बसून खायचा होता. आतमध्ये आलूबोंडा होता. त्याला कोणीतरी वरून दाबून परदेशी नागरिकत्व दिले होते. तिसऱ्या ठिकाणी बर्गरवर शेव होती, आत शेव होती आणि बशीत शेव होती. "शेव काढून देता का?" असे प्रियदर्शनीने विचारले तेव्हा मालक गोंधळला. "मंग खासान काय?" तो म्हणाला. चौथ्या ठिकाणी तर खुशालरावांनी भिंतीवरच्या बर्गरच्या रंगीत चित्राचे इतके कौतुक केले, की खरा बर्गर आणायला मालकालाच लाज वाटू लागली.

आणि हाच तो मालक, ज्याने मोहिमेला दिशा दिली. गल्ल्यावरून खाली उतरून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "गुरुजी, लेकराले फसवत नाई. खरा बर्गर खायचा असंन तं अकोल्याले जा. 'ड्रीम बाइट'. इथं काय ठेवलं हाय!"

मागे वळून पाहता साऱ्या नागरिकांनी हेच सांगितले होते असे देवरावांच्या लक्षात आले. पत्ता अमरावतीचा देऊन झाला की प्रत्येकाने शेवटी एक सुस्कारा टाकून "तसा अकोल्याचा बर्गर तं..." म्हटले होते. आपल्या गावात काही चांगले असू शकत नाही, ही नम्रता आहे. ते शेजारच्या गावात नक्की असणार, हा शेजारधर्म आहे.

मावशी यायला तीन दिवस उरले होते. टळटळीत उन्हात, डोक्याला-तोंडाला दुपट्टे गुंडाळून, दोन म्हातारे आणि एक परीक्षक एसटीने अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरपर्यंत खुशालराव बर्गरचा धागा लांब कसा असावा हे सांगत होते. प्रियदर्शनी खिडकीतून बाहेर पाहत हसत होती. ती हसते हे देवराव पाहत होते. एवढा हसणारा वर्ग हातचा जाणार होता.

'ड्रीम बाइट'चे शटर बंद होते. वर कागद चिकटवलेला: मालकाच्या घरी लग्न असल्याने दुकान आठ दिवस बंद.

शेजारच्या दुकानात श्याम नावाचा टेलर पँट कापत होता. "कुठून आले?" त्याने विचारले.

"अमरावतीहून. बर्गर खायला," प्रियदर्शनी म्हणाली.

श्यामने कात्री खाली ठेवली. "अमरावतीहून? इथं? अवो, आमी इथून तिकडं लोकं पाठवून राहिलो! खरा बर्गर तं अमरावतीले भेटते. गाडगेनगराच्या मागं पिठाची गिरणी हाय पाहा, त्या गल्लीत. रागिणीताईचं दुकान. एक नंबर!"

देवरावांच्या घरासमोर पिठाची गिरणी होती. गिरणीच्या बाजूला रागिणीताईंचे दुकान होते.

"तुम्ही खाल्लाय?" प्रियदर्शनीने विचारले.

"मी नाई खाल्ला. पण सांगणारा मानूस पक्का होता. तेल्हाऱ्याले लग्न होतं, पंगतीत बाजूले बसले होते. रिटायर गुरुजी. गुरुजी लोक खोटं कायले बोलतीन?"

देवरावांनी दुपट्टा आणखी वर ओढून घेतला. ऊन होतेच.

परतीच्या एसटीतून बडनेरा दिसू लागले. मग खुशालराव हळूच म्हणाले, "आमच्या पुतण्याच्या लग्नातली गोष्ट काय, गुरुजी?"

"त्यानं विचारलं, अमरावतीत बर्गर कुठे चांगला मिळतो. पानावर जिलेबी आलेली. 'माहीत नाही' कसं म्हणावं?"

"बराबर हाय," खुशालराव म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा सवाल होता."

प्रियदर्शनीने आजोबांकडे पाहिले. मग तिने दुपट्ट्यात तोंड लपवले आणि हसू दाबताना तिचे खांदे हलू लागले.

त्याच संध्याकाळी तिघे रागिणीताईंच्या दुकानात गेले. देवराव तिथे आयुष्यात प्रथमच पाऊल टाकत होते.

"या गुरुजी!" रागिणीताई म्हणाल्या. "तुमचं नाव सांगून मागच्या महिन्यात अकोल्याचे चार जण आलते. आज तुमी आले."

"काय खाल्लं त्यांनी?"

"गिला वडा, दह्या-चटनीतला. आमी बर्गर कुठं करतो? पण खूस होऊन गेले. आठ दिवसांनी आनखी सहा पाठवले, बर्गर खाले."

तरीही गुरुजींसमोर नाही म्हणणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी गिरणीवाल्याच्या घरून पाव मागवला, त्यात वडा दाबला, टोमॅटोची चकती लावली. प्रियदर्शनीने चावा घेतला. टोमॅटो मागल्या दाराने पसार झाला.

"आबाजी," ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "हा बर्गर नाहीये."

मोहीम संपली. शनिवारी पिशव्या भरायला काढल्या गेल्या. देवरावांनी गॅलरीतला फळा पुसला, तो कोरा असतानाही. ललिताबाईंनी शिदोरीची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळायला घेतली आणि नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. हे लक्षण त्यांच्या बाबतीत फार गंभीर मानले जाते.

तेवढ्यात पुण्याहून आरतीचा, नातीच्या जुन्या मैत्रिणीचा, फोन आला. प्रियदर्शनी तिच्याशी पलंगावर पडून, फोनचा आवाज मोठा ठेवून बोलत होती.

"परवा येतेस ना? बरं झालं बाई," आरती म्हणत होती. "तुमच्या त्या तिकडे बर्गर तरी मिळतो का गं?"

गॅलरीतून देवराव दाराशी आले.

"काहून नाई मिळत?" प्रियदर्शनी ताडकन उठून बसली. "पुण्यात काय ठेवलंय! अकोल्याला ये एकदा. ड्रीम बाइट. असला बर्गर तू जन्मात खाल्ला नसशील."

"तू खाल्लास?"

"मग! आम्ही जातच असतो. आबाजी, मी, आणि आमचे एक बर्गरचे तज्ज्ञ आहेत." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "आणि ऐक, मी नाही येत. असला बर्गर सोडून तिकडे कोण येईल?"

अधिवासाचा दाखला मिळायला साधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. हा दीड महिन्यात मिळाला. मावशीला फोन करून कप्पा पुन्हा भरून टाकायला सांगण्यात आले. संध्याकाळच्या वंदनेत घरातल्या सर्वांनी पंचशील म्हटले. खोटे न बोलण्याचे चौथे शील आले तेव्हा आजोबांचा आणि नातीचा आवाज थोडा खाली गेला, पण ताल चुकला नाही.

राहता राहिले वाचक. ही कथा "एकदा वाचाच" असे ज्यांनी तुम्हाला सांगितले, त्यांची गाठ पडली तर शेवट कसा वाटला असे विचारून त्यांना संकटात टाकू नये; त्यांनाही कोणीतरी सांगितलेच होते. तुम्हीही उद्या कोणाला तरी सांगालच. तेव्हा सोयीसाठी एकदा वर जाऊन, सोडलेला मधला भाग निदान चाळून ठेवावा.