बागुलकाकांचा लाल ग्लॅडिओलस

सिंगापूरमधल्या आमच्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकमध्ये फुलांचा गुच्छ घेऊन लिफ्टमध्ये शिरायचं म्हणजे धोका असतो. आत बागुलकाका असले, तर ते गुच्छाकडे रोखून बघतात आणि विचारतात, "हे राहतं कुठे?" समोरचा बिचारा सांगतो, फ्लोरिस्टकडून आणलंय. काका मान हलवतात. "ते दुकान झालं. मी घर विचारतोय."

काका मूळचे धुळ्याचे, पंपांचे इंजिनिअर. इथल्या तुआसच्या कारखानदारी भागात अठरा वर्षं नोकरी केली, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला होता म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिले, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, एकटे. झाड ओळखायचं तर आधी ते उगवतं ती जागा ओळखा, हा त्यांचा हट्ट. माझी मुलगी इरा शाळेच्या प्रोजेक्टसाठी फुलांची चित्रं घेऊन त्यांच्याकडे गेली, तर काकांनी तासभर तिला माती, ओल आणि उतार शिकवला. घरी येऊन ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, अंकल ओन्ली टॉक अबाउट मड, लाह."

त्यांच्या फोनमध्ये एका लाल फुलाचा फोटो होता. तुआसच्या आधी ते केप टाउनजवळ पाण्याच्या एका प्रकल्पावर होते, तेव्हाचा. खालच्या तीन पाकळ्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराचे पांढरे ठिपके. हा रानातला ग्लॅडिओलस आहे आणि दुर्मीळ आहे, असं ते सांगत. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनाही दाखवत. बघणारे म्हणत, छान आहे, बागेतला दिसतो. मग काकांची कॉफी तशीच गार होई.

एकदा मी विचारलं, काका, पण हा राहतो कुठे? फोटो चारी बाजूंनी कापलेला होता, फुलाशिवाय त्यात काहीच नव्हतं. काकांनी फोन खिशात टाकला आणि हवेबद्दल बोलायला लागले.

यंदा त्यांना विचारून मीच तो फोटो केप टाउनच्या एका वनस्पतितज्ज्ञ बाईंना ईमेलने पाठवला. त्यांचं उत्तर आलं: बागेतले काही लाल ग्लॅडिओलस असेच दिसतात, नुसत्या फुलावरून सांगता येणार नाही. आजूबाजूची जागा दिसेल असा फोटो आहे का?

काका दोन दिवस दिसले नाहीत. रविवारी सकाळी आले ते हातात एक जुना छापील फोटो घेऊन. काळा, ओला कडा, बाजूने पडणारं पाणी. पानं खाली लोंबलेली, फुलं उजेडाकडे वळलेली. आणि कड्याला टेकून उभी असलेली, चिंब भिजलेली एक बाई. फूल वाऱ्याने हलू नये म्हणून तिने दांडा दोन बोटांत धरला होता आणि ती हसत होती.

काकांनीच सांगितलं की या त्यांच्या मिसेस. सिंगापूरला आल्यावर वर्षभरातच आजारपणात गेल्या.

"तिच्याकडे बघवायचं नाही," ते म्हणाले. "म्हणून फोनमध्ये घेताना फोटो कापला."

मी तो पूर्ण फोटो पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं. ग्लॅडिओलस कार्डिनॅलिस. तिथल्याच डोंगरांत, धबधब्यांशेजारच्या पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर उगवणारा, रानात आता फार थोडा उरलेला. मला वाटलं, काका आता अख्ख्या ब्लॉकला ऐकवणार. पण त्यांनी ते पत्र नुसतं दोनदा वाचलं.

बाईंना तो फोटो त्यांच्या संग्रहात ठेवायचा होता. त्यासाठी त्यांनी परवानगी मागितली होती आणि फोटोतल्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं. सहा वर्षांच्या शेजारात मी ते कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं: सुनंदा बागुल. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: फूल हिला दिसलं, मी फक्त फोटो काढला.