सर्वांची सोय

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली हसनाबादला तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव भरला होता आणि तो मी भरवला होता. मी तिथे शाळेत मास्तर होतो. मूळचा मंठ्याचा. बदली होऊन चार वर्षं झाली होती आणि बौद्धवाड्यात एक खोली घेऊन माझी बायको कौसल्या आणि मी राहत होतो. औरंगाबादच्या एका फिल्म मंडळाशी माझा पत्रव्यवहार होता. त्यांनी तीन चित्रपट, मशीन आणि मशीन चालवणारा रामकिसन, एवढं सगळं फुकट द्यायचं कबूल केलं. मी त्याच दिवशी शाळेत जाहीर केलं की या महोत्सवात गावातला एकही माणूस दाराबाहेर राहणार नाही. आंधळा, लंगडा, म्हातारा, बाई, माणूस, कुठल्याही वाड्यातला असो, सर्वांची सोय होणार.

सोय हा माझा त्या वर्षातला आवडता शब्द होता. मी त्यासाठी एक वही केली होती. एका पानावर एक माणूस आणि खाली त्याची सोय. गावातल्या बायांना रात्री तंबूतला सिनेमा पाहायला कोण पाठवतंय? म्हणून खेळ दुपारी दोनला ठेवला आणि सोसायटीच्या गोदामाच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला. गोदामाचा ओटा कंबरेइतका उंच होता, म्हणून शाळेतल्या पोरांना घेऊन मुरूम टाकून उतार केला. चेअरमन बद्रीनाथ पाटलांच्या आई दुर्गाबाई यांचे गुडघे वाकत नव्हते. त्यांच्यासाठी शाळेतून हातांची खुर्ची आणून सगळ्यात पुढे ठेवायची ठरवली. आमच्या शेजारचे अप्पाराव मामा दोन्ही डोळ्यांनी आंधळे. त्यांच्याजवळ बसून पडद्यावर काय चाललंय ते मी स्वतः कानात सांगणार होतो. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून त्यांची जागा अगदी आवाजाच्या पेटीला लागून ठेवली.

कौसल्यानं ती वही एकदा चाळली आणि विचारलं, "ह्यातल्या कोणाला इचारलं का तुम्ही?"

मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, सोय ती सोय. तिनं वही मिटून परत दिली. पण खरं काम तिनंच केलं. घरोघर जाऊन तिनं बायांना तयार केलं, त्यांच्या सासवांना तयार केलं, आणि काही ठिकाणी तर नवऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं की खेळ दिवसाउजेडी आहे, मराठी आहे आणि मीही येऊन राह्यले. बद्रीनाथ पाटलांनी गोदाम दिलं ते एका अटीवर. पहिल्या दिवशी गोंधळ झाला तर उरलेले दोन दिवस कुलूप. मी हसून मान हलवली होती. माझ्या वहीत गोंधळाला पानच नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी गोदाम उघडलं आणि मी दारातच उभा राहिलो. अर्धं गोदाम सरकीच्या पोत्यांनी भरलेलं होतं. पाटलांच्या गड्यांनी नवा उतार पाहिला. इतकी वर्षं पाठीवर वाहून न्यायची पोती आता गाडीच थेट आत नेऊन उतरवता येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि मास्तरनं आपलीच सोय केली असं समजून त्यांनी भल्या पहाटे साठ पोती आणून टाकली होती. वरून एकानं मला भेटून हात जोडले. म्हणाला, आमच्या पाठीचा इचार आजवर कोणी केला न्हवता. आता ह्याला काय बोलणार? मी पोती भिंतीला सरकवून घेतली आणि उरलेल्या जागेत एकच लांबरुंद सतरंजी अंथरली. मुद्दाम एकच. मधे दोरी नाही, रेघ नाही. ज्याला जिथे वाटेल तिथे बसावं.

दीड वाजता माणसं यायला लागली आणि सतरंजीवर बसायला लागली. ती कशी बसली ते सांगतो. पाटलांकडची आणि गावातली उजव्या कडेला. बौद्धवाड्यातली डाव्या कडेला. बाया दोन्हीकडे मागच्या भिंतीला चिकटून. मधोमध बैलगाडी जाईल एवढी रिकामी वाट. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सतरंजी एक होती, पण तिच्यावर बसणाऱ्यांना दोरीची गरज नव्हती. मी मधे उभा राहून "या, इथं या, मोकळं आहे" असं सगळ्यांना म्हणत होतो आणि सगळे माझ्याकडे बघून मान हलवत होते. उठत कोणीच नव्हतं.

दुर्गाबाई उतारावरून चढून आल्या. मी अभिमानानं खुर्ची दाखवली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या सगळ्या गावाकडे पाहिलं.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "समद्या गावाम्होरं मी अशी तमाशातल्या पाटलासारखी खुर्चीवर बसू का?"

आणि त्या बाजूला जाऊन सरकीच्या एका पोत्यावर बसल्या. पाय लांब सोडले, पाठ दुसऱ्या पोत्याला टेकवली आणि बराबर झालं म्हणाल्या. ते पाहून ज्यांचे ज्यांचे गुडघे दुखत होते ते सगळे पोत्यांकडे गेले. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. महोत्सवाचा अध्यक्ष यायचा बाकी आहे असं वाटत होतं.

रामकिसननं दिवा घालवला आणि मशीन सुरू केली. पडद्यावर अक्षरं आली. ती मराठी नव्हती. हिंदीही नव्हती. वरून रेघ होती, पण खालचं सगळं अनोळखी. मी म्हटलं, सुरुवातीला असतं असं काहीतरी. मग एक म्हातारा आला, तळ्याकाठी उभा राहिला आणि बोलायला लागला. चित्रपट बंगालीत होता.

चूक माझीच होती. औरंगाबादला मंडळाच्या टेबलावर डबे दोन ढिगांत ठेवले होते. मला एस. टी. गाठायची होती. मी चिठ्ठी न वाचता हाताला आला तो ढीग उचलला होता. त्यात दोन मराठी चित्रपट होते आणि एक हा.

पहिली पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. माणसांना वाटलं आपल्यालाच ऐकू कमी येतंय. मग मागून कोणीतरी विचारलं, हे कोणतं मराठी हाय? दोघं-तिघं हसले. चारजण उठून उभे राहिले आणि त्यांच्या सावल्या पडद्यावर पडल्या. दाराशी बद्रीनाथ पाटील खिशातल्या कुलपाशी चाळा करत होते. मागच्या भिंतीजवळ कौसल्या बसली होती. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मला तो पाहायचाही नव्हता. ह्या बायांना तिनं स्वतःच्या शब्दावर आणलं होतं. आज त्या अर्ध्यातून उठून गेल्या असत्या तर त्यांना पुन्हा कोणी पाठवलं नसतं.

मला काही सुचेना, म्हणून जे ठरलं होतं ते करायला लागलो. अप्पाराव मामांजवळ बसून कानात सांगायला लागलो. एक म्हातारा आहे, तळं आहे, एक तरणा माणूस आला, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई आहे. पाठीमागचा एकजण म्हणाला, मास्तर, जरा मोठ्यानं सांगा ना, आम्हाला तरी काय समजून राह्यलं? मी मोठ्यानं सांगायला लागलो. उठलेले चारजण ऐकायला थांबले.

आता दिसतं ते सांगून भागेना. ते काय बोलतात तेही लोक विचारायला लागले. मला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. पण मी मास्तर होतो, आणि मास्तरला येत नाही असं म्हणायची सवय नसते. म्हाताऱ्याचे हातवारे पाहून मी ठोकून दिलं: तरणा माणूस म्हाताऱ्याच्या मुलीला मागणी घालतोय आणि म्हातारा म्हणतोय, मुलगी देणार नाही.

अप्पाराव मामा शांतपणे म्हणाले, "मास्तर, तो मुलगी न्हाई म्हणून राह्यला. तो म्हणतो, मासा देणार न्हाई."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"ते दोघं भाऊ हायेत," मामा म्हणाले. "तळं दोघांत हाय. धाकल्यानं न इचारता मासळी धरली, त्याच्यावरून चाललंय. ती बाई धाकल्याची बायको हाय."

मी विचारलं, तुम्हाला हे कसं कळतं?

"पलटणीत व्हतो ना. सात वर्सं बंगालात, बराकपूरला काढली. डोळे मंग गेले."

"मामा, चार वर्षांत हे कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी इचारलं न्हाई."

पडद्यावर भाऊ भांडत होते, म्हणून ह्यावर विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. मागून दोनतीन आवाज आले: मामा, पुढं काय म्हणाला? मामांनी सांगितलं. मग विचारलं, मास्तर, आता आवाज बंद झाला, काय करून राह्यले ते? मी सांगितलं. मग आमचं तसंच सुरू झालं. बोललेलं मामा सांगत, न बोललेलं मी. मामांचा आवाज पलटणीतला असला तरी वयानं बसलेला होता आणि मशीनची घरघर चालू होती. मागच्यांना ऐकू येईना. ती पुढे सरकली. उजवीकडची डावीकडे सरकली, कारण पेटी डावीकडे होती. बाया भिंत सोडून पुढे आल्या. मला ते त्या वेळी दिसलं नाही. मला फक्त पाठीला कोणाचा तरी गुडघा लागत होता एवढं जाणवत होतं.

पहिलं रीळ संपलं आणि रामकिसननं दिवा लावला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सतरंजीच्या मधली वाट नव्हती. कोण कोणाला खेटून बसलं होतं ते आता उजेडात दिसलं. पाटलांचा पुतण्या अप्पाराव मामांच्या मांडीला मांडी लावून होता. माझ्या पाठीमागे ज्या बाईचा गुडघा होता ती बद्रीनाथ पाटलांची भावजय होती आणि तिचं पोरगं कौसल्याच्या मांडीवर होतं. दोनचार माणसं जागेवरच चुळबुळली, उठावं की बसावं असं झालं. बद्रीनाथ पाटील दारातून एक पाऊल आत आले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

तेवढ्यात पोत्यांवरून दुर्गाबाई बोलल्या. त्यांचा आवाज त्रासलेला होता. "दिवा कशाला लावून ठेवला? त्या भावाचं काय झालं ते तर समजू द्या."

रामकिसननं घाईघाईनं दुसरं रीळ चढवलं आणि दिवा गेला. बद्रीनाथ पाटील थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आईच्या शेजारच्या पोत्यावर जाऊन बसले. ते मनातून बदलले वगैरे असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, त्यांनाही त्या भावाचं काय झालं ते पाहायचं होतं.

शेवटच्या रिळात धाकट्याचं पोर तापानं फणफणलं होतं. घरात काही नव्हतं. आणि मग एकदम सगळे आवाज बंद झाले. पाऊस नाही, पाखरू नाही. मामांना सांगायला काही उरलं नाही. सगळं गोदाम माझ्याकडे वळलं. पडद्यावर जे होतं ते तर सगळ्यांना दिसत होतं, तरी वळलं. मी मामांना सांगायला लागलो. म्हातारा भाऊ येतोय. हातात मासा आहे, मोठा, केळीच्या पानात. दाराशी आला. दार वाजवत नाहीये. मासा उंबऱ्यावर ठेवला. निघाला. तळ्याच्या कडेनं चाललाय.

मी थांबलो.

"वळून पाह्यलं का त्यानं?" मामांनी विचारलं.

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. दोन तासांपूर्वी मी ह्याच माणसाला न विचारता एक मुलगी आणि एक लग्न जुळवून दिलं होतं. एक नजर जुळवायला कितीसा वेळ लागणार होता?

"न्हाई मामा," मी म्हणालो. "वळला न्हाई. नुसता थांबला."

मामा म्हणाले, "थांबला ना? मंग झालं."

मागे बायांमधे कोणीतरी नाक ओढलं. दिवा लागला तेव्हा कोणी लगेच उठलं नाही. कौसल्या घरी जाताना एवढंच म्हणाली की उद्या आणखी आठ-दहा बाया येणार आहेत. माझ्या वहीबद्दल ती बोलली नाही, म्हणून रात्री जेवताना मीच बोललो. विचारायला पाहिजे होतं, म्हणालो. ती म्हणाली, मंग उद्यापासून इचारा, आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मराठी चित्रपट होता. गोदाम तुडुंब भरलं. कडेच्या जागा पुन्हा थोड्याफार भरल्या होत्या, पण वाट आता माणूस जाईल एवढीच होती. स्वच्छ आवाज, प्रत्येक शब्द कळणारा. मी आणि अप्पाराव मामा आरामात मागे टेकून बसलो. दहा मिनिटं झाली असतील. दुर्गाबाईंनी विचारलं, आज कोणी सांगून का न्हाई राह्यलं?

मी म्हणालो, आज मराठीच आहे, समजतंय सगळं.

"समजून तर राह्यलं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही सांगा."

आणि सगळे म्हणाले, सांगा. मग मराठी चित्रपटाचा शब्द न् शब्द मामांनी मराठीत सांगितला आणि मी हातवारे सांगितले. तिसऱ्या दिवशीही तेच. तोवर माझा आवाज पार बसला होता आणि आठवडाभर मी शाळेत फळ्यावर लिहूनच शिकवलं.

डबे परत करताना मी मंडळाला मोठं पत्र लिहिलं. डब्यांची अदलाबदल ही माझी चूक होती असं कबूल केलं, झालेला सगळा प्रकार कळवला आणि शेवटी नम्रपणे विनंती केली की पुढच्या वर्षी शक्य असल्यास, कुणाला अजिबात समजणार नाही असा एखादा चित्रपट मुद्दाम पाठवावा.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "तसे आमच्याकडे पुष्कळ आहेत, किती पाठवू?"