बागूल सरांचे छोटे साहेब

आमच्या शाळेत चहा तांब्यातून पिणारे गृहस्थ एकच होते. बागूल सर. मधल्या सुट्टीत शिपाई स्टाफरूममध्ये कपबशांचा ट्रे आणायचा, आणि कपांच्या मधोमध एक पितळी तांबा असायचा. तळाला अर्धा कप चहा. सर तो दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावत आणि कुणी नवीन माणूस बघत राहिला की म्हणत, "कपाला गळा नसतो हो, तांब्याला असतो. चहा आतल्या आत नाचतो."

कारण सरांचे हात थरथरत. नुसते बसले असताना नाही. मांडीवर ठेवलेले हात अगदी शहाण्यासारखे पडून असत. काही उचलायला, धरायला, लिहायला गेले की सुरू. सर मूळचे देवळ्याकडचे. सत्तरच्या सुमारास नाशकात विज्ञान शिकवायला आले ते हा कंप सोबत घेऊनच. मी त्याच शाळेत क्लार्क, म्हणजे सगळ्यांचा भाऊसाहेब.

दर वर्षी मेंदूचा धडा आला की सर पिशवीतून फ्लॉवरचा गड्डा काढत. "हे मोठे साहेब. सगळ्या ऑर्डरी इथून सुटतात." मग गड्ड्याच्या मागे, खालच्या बाजूला एक अक्रोड खोचत. "आणि हे छोटे साहेब, म्हणजे लहान मेंदू. ऑर्डर नीट पोचली का, हात कुठं थांबवायचा, ते बघायचं काम यांचं. माझ्या ऑफिसात छोटे साहेब कायम रजेवर." वर्ग हसायचा, सरही हसायचे. संध्याकाळी त्या फ्लॉवरची भाजी व्हायची. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगत, "काल मेंदू खाल्ला, भाऊसाहेब. मीठ कमी होतं."

फळ्यावर लिहिताना ते मनगटाला एक पट्टी बांधत. बागूलबाईंनी मांजरपाटात गोदेची वाळू भरून शिवलेली. वजनानं हात जरा जागेवर राहतो, असा त्यांचा स्वतःचा शोध. मुलींना तो ताईत वाटे. वार्षिक परीक्षेच्या आधी दोघी-तिघी त्या पट्टीला हात लावून नमस्कार करून गेल्या, तेव्हा मात्र सर भडकले. भडकले की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची. "अगं, वाळू शे ती! नुसती वाळू!" त्या मुली पास झाल्या, त्यामुळे सरांचं म्हणणं कुणालाच पटलं नाही.

एका वर्षी नशाबंदी सप्ताहात शाळेत एक पाहुणे भाषणाला आले. हार घालायचं काम सरांकडे. हार आधी पाहुण्यांच्या कानावर अडकला, मग टोपीवर गेला आणि टोपी घेऊनच गळ्यात उतरला. पाहुण्यांनी ते हात नीट न्याहाळले आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं. भाषणाच्या शेवटी त्यांनी सरांना पुढे बोलावलं, स्वतःला मिळालेली शाल सरांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि गरजले, "दारूच्या विळख्यातून बाहेर पडण्यासाठी झगडणाऱ्या या गुरुजींचा आदर्श घ्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

बागूल सरांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण ते तिथे काही बोलले नाहीत. नंतर स्टाफरूममध्ये शालीची घडी घालायची खटपट करत म्हणाले, "पाहुण्यांचा सप्ताह कशाला बिघडवायचा? नारळ चांगला दिसतोय." त्यानंतर पालकसुद्धा आपुलकीनं विचारायचे, "सर, सुटली का?" आणि सर सांगायचे, "सुटली, सुटली."

त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. पण तेव्हा माझा उजवा हात टेबलाखाली होता.

सहा महिन्यांपासून माझाही हात थरथरू लागला होता. शाळा सोडल्याचे दाखले त्या काळी हातानं लिहायचे, आणि माझ्या अक्षराचा मला भारी तोरा. घोटीपासून वणीपर्यंत माझे दाखले गेलेत आणि लोकांनी ते घडी न घालता नेलेत, असं मी सांगत असे. आता 'ळ' लिहायला गेलं की त्याला भलतंच शेपूट फुटायचं. दाखला मागायला आलेल्या माणसाला मी "उद्या या" म्हणू लागलो. दाखल्यांचं काम काढून घेतील याची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी धास्ती त्या शालीची होती. सरांनी ती पचवली. माझ्यानं पचली नसती. मी घरी बायकोलाही बोललो नव्हतो.

एकदा सर माझ्या टेबलाशी आले. "भाऊसाहेब, हल्ली चहा घेत नाही?"

"पित्त झालंय."

"असं," म्हणाले आणि गेले.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सर मुंबईला जाऊन मेंदूचा फोटो काढून आले. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. स्कॅन हा शब्दसुद्धा आम्हाला नवा. आल्या आल्या त्यांनी ती काळी फिल्म स्टाफरूमच्या खिडकीला धरली. फिल्म थडथड हलत होती, आणि आम्ही मान हलवत तिच्या मागे.

"हे बघा, छोटे साहेब! रजेवर नाहीत, खुर्चीत हजर आहेत. नुसते काम करत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आत काहीतरी बारीक बिघाड असेल, पण मशीनची नजर अजून तेवढी बारीक नाही."

"मग उपाय?" कुणीतरी विचारलं.

"म्हणाले, कार्यक्रमाच्या आधी घोटभर ब्रँडी घेतलीत तर हात तासभर थांबेल. मी म्हटलं, डॉक्टर, माझा सत्कार झालाय. आता कसं सुरू करू?"

मला एकच कळेना. या हातांशी इतकी वर्षं मजेत संसार केलेल्या माणसाला आत्ताच फोटो कशाला हवा होता?

शेवटच्या तासाला सर ऑफिसात आले. माझ्यासमोर एक लिफाफा ठेवला. आत वहीचा कागद होता, सरांच्या नाचऱ्या अक्षरात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिलेले. पहिला प्रश्न त्यांच्या स्वतःच्या हाताचा. त्याखाली होतं: 'सहकारी. वय अडतीस. उजवा हात, नुकती सुरुवात. त्याचं अक्षर टिकेल का? मुलांना होईल का? वाळूची पट्टी चालेल का? तो दारू पीत नाही, हे लिहून द्याल का?'

मला वर बघवेना.

"डॉक्टरांना वाटलं, सहकारी म्हणजे मीच," सर म्हणाले. "त्यांनी मला तपासलं, माझ्यासाठी म्हणून लिहिलं आणि सही केली. नावाची जागा मी कोरी ठेवायला लावली. तुम्ही दाखले लिहिता, तुमचं तुम्ही भरा."

लिफाफ्यात ती चिठ्ठी होती. 'श्री. ........ यांच्या हातांचा कंप हा मज्जासंस्थेचा दोष असून मद्यपानाशी त्याचा संबंध नाही.' सोबत मांजरपाटाची कोरी करकरीत पट्टी. "हिनं शिवलीय," सर म्हणाले. "तांबा मात्र तुमचा तुम्ही आणा."

भर सभेत दारुडा ठरूनही या माणसानं स्वतःसाठी असला कागद कधी कुणाकडे मागितला नव्हता. माझ्यासाठी तो मागायला मुंबईला गेला.

मी पट्टी बांधली, टाक उचलला आणि कोऱ्या जागेत सावकाश नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी स्टाफरूमच्या नोटीस बोर्डावर लावली. मधल्या सुट्टीत सगळा स्टाफ तिच्यासमोर जमला. सरांनी चष्मा लावून वाचलं: श्री. बागूल.

"भाऊसाहेब! आणि तुमचं?"

"माझं मी तोंडानं सांगतो," मी म्हणालो, आणि पिशवीतून घरचा तांबा काढला. सगळ्यांच्या देखत उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. कुणी हसलं नाही.

सर पुन्हा चिठ्ठीकडे वळले. "'ळ'ला नाही, पण 'ल'ला शेपूट फुटलंय."

"हात हलला, सर."

"हलू द्या. दाखला खरा शे," म्हणाले, आणि आपल्या तांब्यातला चहा माझ्या तांब्यात ओतू लागले. त्यांचा तांबा हलत होता आणि माझाही. बराचसा चहा माझ्या काखेतल्या जनरल रजिस्टरवर सांडला, ज्यातून मी दाखले उतरवायचो त्यावर. तो डाग मी निवृत्तीपर्यंत कुणाला खरवडू दिला नाही.