केशवापुरातली ओहोटी

असे लांब काय उभे? या, खुर्ची इकडे ओढून घ्या. आणि आधी बोलणी खा. कोप्पीकर रोडला खरेदीसाठी तास न् तास फिरता, आणि तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर केशवापुरात माझ्याकडे यायला तुम्हाला सवड होत नाही, हे काही बरं नव्हे. आला असतात तर माझे थोरले भाऊ वसंतअण्णा तुम्हाला दाखवले असते. आता इथे कार्यात भेटलात, तर नुसतं ऐका.

अण्णा भरती चढायला लागली की घराबाहेर राहत नाहीत.

हुबळीत कसली आलीय भरती, म्हणाल. समुद्र इथून गाडीनं चार तास. पण अण्णांच्या पडवीत कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर ऑस्ट्रेलियाकडच्या एका वाळूच्या बेटाची भरती-ओहोटी, आपल्या घड्याळात बसवून लिहिलेली. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी लिहिण्यात गेली, हात अजून थांबत नाही. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, तसं यांचं जेवणही सरकतं. आज साडेदहाला, उद्या सव्वाअकराला. मी शेजारीच राहते, भाकरी मीच करते, म्हणून मला ठाऊक.

आमच्या दुसऱ्या भावाच्या मुलाच्या मुंजीत तर त्यांनी कहर केला. पंगत बसलेली, अण्णा वडीलधारे म्हणून पहिल्या पाटावर. मसालेभात झाला, यांनी घासही घेतला नव्हता, श्रीखंडाचं पातेलं दारात आलं, आणि यांनी घड्याळ बघून कानडीत म्हटलं, "आय्तु, एळ्री." झालं, उठा. वडील माणूस उठला म्हटल्यावर सगळी पंगत उठली की हो. वाढपी श्रीखंड घेऊन तसेच उभे. भावजय आजही मला म्हणते, "तुमच्या अण्णांनी माझं श्रीखंड वाळीत टाकलं."

आणखी एक. ते कुणाला आग्रह करत नाहीत. ताट रिकामं झालं तरी गप्प बसतात. लोक म्हणतात, म्हातारा कोरडा आहे. पूर्वीचे अण्णा तुम्ही बघितले नाहीत. समोरच्यानं हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप सोडायचे.

हे सगळं त्या बेटापासून.

अण्णांची एकुलती एक लेक नलिनी तिथे असते. आई लहानपणीच गेली, अण्णांनीच वाढवली. नवलगुंदच्या काळ्या मातीत, भर चिखलात, खात्याच्या जुन्या जीपवर तिला गाडी शिकवली. ती आता त्या बेटावर मोठी, चारही चाकांना जोर असलेली गाडी चालवते, पाहुण्यांना फिरवून आणते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो.

बेट म्हणजे नुसती वाळू. झाडंसुद्धा वाळूत उगवलेली. डांबरी रस्ता नाही. समुद्र मागे सरला की ओली वाळू हाच रस्ता. समुद्र आला की रस्ता गेला. बेटावर उतरताना नलिनीनं चाकांतली निम्मी हवा सोडली, तर अण्णा चिडले. "भरलेली हवा कोण सोडतं गं?" ती हसली, बापाला ती अप्पा म्हणते. "अप्पा, हा नवलगुंदचा चिखल नव्हे. चाक पसरलं तरच वाळू धरते."

दुपारी आतल्या गोड्या तळ्यापाशी आम्ही डबे उघडले. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी. शेजारी तिथलंच एक म्हातारं जोडपं बसलं होतं. अण्णांनी त्यांना बोलावून ताटावर बसवलं. मग काय, "वन मोर, वन मोर" सुरू. नलिनी म्हणाली, "अप्पा, निघू या." अण्णा म्हणाले, "थांब गं, पाहुणा ताटावर आहे." तीनदा म्हणाली ती. मीही कशाला खोटं बोलू, मीच वांगी वाढत होते.

किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी वर आलं होतं. तिनं गाडी वरच्या कोरड्या वाळूत घातली आणि चाकं आसापर्यंत रुतली. एकच फावडं. नलिनी गुडघ्यांवर बसून उपसत होती. अण्णा आणि मी जेवणाच्या ताटांनी वाळू ओढत होतो, त्याच ताटांनी. ओढावी तेवढी परत येत होती. एक लाट मागच्या चाकाला लागून गेली. शेवटी ते म्हातारं जोडपं मागून आलं, त्यांनी दोर लावला तेव्हा गाडी निघाली.

घरी आल्यावर अण्णांनी तिचे तळवे पाहिले. फोड आले होते. खोबरेल लावता लावता विचारलं, "रोज अशीच जातेस?"

"रोज. पण वेळेवर निघते, अप्पा. तिथे मला आग्रह करणारं कोण आहे?"

ती सहज म्हणाली हो. अण्णांची बोटं मात्र तिच्या तळव्यावरच थांबली.

तेव्हापासून ठरलंय. किनारा पार झाला की नलिनीनं फोनच्या दोन रिंगा द्यायच्या, यांनी उचलायचा नाही. पडवीत बसून रिंगा मोजतात, म्हणतात "आली", आणि मग पहिला घास. फोन खिशात असतो, कुठेही वाजेल. पण नाही, त्या कागदासमोरच बसायचं.

गेल्या महिन्यात रिंगा आल्या नाहीत. वेळ टळली, भरती चढली. मी ताट वाढून आणलं, त्यांनी बाजूला सारलं. मी म्हटलं, "रेंज नसेल." त्यांनी मान हलवली. दोन तास आम्ही भाऊ-बहीण त्या कागदाकडे बघत बसलो होतो. त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग फोन वाजला. एक, दोन, आणि अण्णांनी तो उचलला. दुसऱ्या कुणाची गाडी रुतली होती, ती काढता काढता भरती आली, म्हणून किनाऱ्याच्या वरच थांबून राहिलो, असं ती सांगत होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवलीस?"

"आता बसलेय, अप्पा."

"मग सावकाश जेव," ते म्हणाले. आणि वर म्हणाले, "अजून एक घे. माझ्यासाठी घे."

फोन ठेवला आणि ताट पुढे ओढलं. भाकरी गार झाली होती. मी दुसरी टाकायला उठले.

तर आता या. येण्याआधी मला वेळ विचारा, मी कागद बघून सांगते. अण्णांच्या शेजारी बसून जेवा. ते आग्रह करणार नाहीत, त्याचा राग धरू नका. तुम्हीच ताट पुढे करून म्हणा, "अण्णा, अजून एक वाढा." बघा कसे उठतात. या हो, फार दिवस लावू नका.