मापात बसलेलं हँडल

"गाडी आता काढून टाका," शिंपीमास्तरांच्या खांद्याला मलम चोळता चोळता बायको म्हणाली. "माझ्या दादाने गिऱ्हाईक बघून ठेवलंय. रविवारी अकराला त्याच्या घरी येणार आहे."

मास्तर ताडकन उठून बसले. मोटारसायकल एकोणीस वर्षांची होती आणि मास्तरांचा तिच्यावर जीव होता. अडचण एवढीच, की गाडीचं हँडल उंच आणि मास्तर बुटके. गाडीवर बसले की कुणीतरी 'हात वर' म्हणून दरडावल्यासारखे दिसायचे. दिवसभर टेबलावर वाकून कापड कापायचं आणि येता-जाता हात असे टांगून ठेवायचे, म्हटल्यावर खांदा तरी किती सोसणार?

"गाडीत काही खोट नाही," मास्तर म्हणाले. "हँडल बेमापाचं आहे. मी खालचं हँडल बसवतो."

"आणि तरीही जमलं नाही तर?"

"रविवारी याच गाडीवरून तुला दादाकडे नेतो. विनातक्रार पोचलो तर गाडी राहील. वाटेत कुठे अडकलो, तर माझ्या हाताने त्या गिऱ्हाइकाला किल्ली देईन. शब्द!"

त्याच संध्याकाळी मास्तर अंगणात उभ्या गाडीवर बसले, सुखाने जातील तेवढेच हात पुढे केले आणि बायकोला म्हणाले, "घे माप." तिने टेप लावला. खांदा सोळा, बाही बावीस, दोन मुठींमधलं अंतर चोवीस. मास्तरांनी तीनदा तपासून आकडे वहीत उतरवले. पंचवीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं. आताही चुकलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

"गाडी कुठली?" सुट्या भागांच्या दुकानदाराने विचारलं.

"गाडीचं राहू द्या. बाही बावीस."

दुकानदाराने गल्ल्यावरून मान वर केली. त्याच्या दुकानात आजवर कुणी बाही सांगितली नव्हती. मास्तरांनी खिशातून टेप काढला आणि टांगलेली हँडलं एकेक करून मोजायला घेतली. सातवं हँडल वहीतल्या आकड्यांना तंतोतंत जुळलं. चांगलं खाली, चपटं, चकचकीत.

"मास्तर, एवढं खालचं तुमच्या टाकीला लागेल हो. आधी गाडी दाखवा."

"कोट माणसाला बसायला हवा, खुंटीला नाही," मास्तर म्हणाले आणि हँडल काखोटीला मारून चालू लागले.

हँडल बसवायला मेकॅनिकला तासभर लागला. मास्तर वर बसले. हात अगदी अलगद मुठींवर पडले आणि खांद्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हूं की चूं केलं नाही. मास्तरांना इतका आनंद झाला, की मेकॅनिकला मिठीच मारावीशी वाटली. मग त्यांनी हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. हॉर्नचं बटण टाकीवर दाबलं गेलं आणि गाडीने गल्ली डोक्यावर घेतली.

"आता जेव्हा जेव्हा डावीकडे वळाल, तेव्हा हे असं बोंबलणार," मेकॅनिक म्हणाला. "त्यात क्लचची केबल जुन्या हँडलच्या मापाची. बघा, दिव्यासमोर केवढी लोंबतेय. उद्या आखूड केबल मागवतो, आणि हे हँडलही बदलू."

"हँडलला हात लावायचा नाही. आणि केबल तरी कशाला बदलायची? जास्तीचं कापड कधी कापून टाकू नये. आत दुमडावं आणि टाका घालावा."

"मास्तर, ती केबल आहे!"

पण मास्तर हट्टाला पेटले होते. त्यांनी जाड सुई आणि मेणाचा दोरा आणवला, केबलची जास्तीची लांबी घडी करून घेतली आणि वरून असे नेटके टाके घातले, की मेकॅनिकला मनातल्या मनात दाद द्यावी लागली. "धुतलं तरी उसवणार नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

रविवारी दहाला दोघं निघाली. सरळ रस्त्यावर गाडी मजेत चालली होती. पहिल्या डाव्या वळणावर हॉर्न वाजला. एका बाईंनी दचकून पिशवी सोडली आणि फुटपाथवर टोमॅटो घरंगळले. दुसऱ्या डाव्या वळणावर पुढच्या मोटारीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "जातोय ना बाबा!" मास्तर घामाघूम झाले होते, पण मागे वळून म्हणाले, "खांदा अजिबात दुखत नाहीये."

भर चौकात मात्र उजवीकडे वळायचं होतं. मास्तरांनी हँडल वळवलं, तशी टाके घातलेली केबल ताणली गेली आणि क्लच आपोआप दाबला गेला. इंजिन गरजायला लागलं आणि गाडी जागीच थांबली. मास्तर जेवढा जोर देत, तेवढी ती नुसतीच ओरडे. चारी बाजूंनी गाड्यांची रांग लागली. हवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"काय झालंय?"

"बाही आखूड झालीय," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

बायको खाली उतरली. तिने पर्समधून काजाची छोटी कात्री काढली, हवालदाराला "जरा सरका" म्हणाली आणि टाके कचाकच उसवले. केबल सैल पडली, क्लच सुटला. ती परत मागे बसली आणि मास्तरांनी मान खाली घालून गाडी काढली.

"पुढे खड्डा आहे," मागून आवाज आला. मास्तर दचकले. "बघताय ना? आता त्या टेम्पोच्या मागे नका लागू. ब्रेक! अहो, ब्रेक!"

दादाच्या दारात पोचेपर्यंत मास्तरांनी एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता.

दारात मेव्हणा गिऱ्हाइकाला घेऊन उभाच होता. मास्तरांनी गाडी लावली. चौकात अडकलो होतो, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. दिला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी किल्ली पुढे केली. तेवढ्यात बायकोने ती मधल्यामधे उचलून पर्समध्ये टाकली.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली.

मेव्हण्याने आ वासला. गिऱ्हाईक खट्टू होऊन पायऱ्या उतरलं. मास्तरांचे डोळे भरून आले. एवढं सगळं होऊनही आपल्या गाडीची कदर करणारी बायको मिळाली!

"अगं, पण तुला त्रास झाला ना?"

"त्रास कसला? एकोणीस वर्षं मला तुमच्या कॉलरशिवाय समोरचं काही दिसलं नव्हतं. आता तुम्ही खाली वाकता आणि मला सगळा रस्ता दिसतो. तुम्ही गाडी कशी चालवता ते आज कळलं बाई! उद्यापासून दुकानात येता-जाता मी मागे असणार. एकट्याने जायचं नाही."

ती हसतमुखाने आत गेली. मास्तरांनी मेव्हण्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "दादा, ते गिऱ्हाईक फार लांब गेलं नसेल ना?"