नाक असलेला वीर

धुळवडीला देवघरातला वीराचा टाक गोदावरीवर न्यायचा, त्याला आंघोळ घालायची, वाजंत्रीवर नाचवायचं आणि परत आणायचं. नवरा गेल्यापासून हे काम सावित्रीबाईंनी कुणावर सोपवलं नव्हतं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर घोडेस्वार. वीर म्हणजे घरातला कुणी अकाली गेलेला पुरुष. त्यांनी तो वाटीत ठेवून मुलाच्या, दिनेशच्या हाती दिला.

"वाटी खाली ठेवू नको, बाळा. आन् मोबाइल काढू नको."

दिनेशने दोन्ही केलं. फेटा झोकात बसला होता, व्हिडिओ तर हवाच! शेजारी सिन्नरचे रावजी आपला वीर घेऊन आले होते. दोघांनी वाट्या पायरीवर ठेवल्या आणि आळीपाळीने एकमेकांचं शूटिंग केलं. वीर पायरीवर आणि हे नाचतायत. मग नंबर घेऊन व्हिडिओ पाठवले, वाट्या उचलल्या आणि निघाले.

घरी सावित्रीबाईंनी टाकावरून अंगठा फिरवला. "हा आपला नाय."

"कशावरून? घोडा तोच, तलवार तीच."

"ह्याला नाक हाय. आपल्याचं मी रांगोळीनं घासून घासून कधीच घालवलंय."

दिनेशने फोन करून रावजींना थांबवलं आणि टाक घेऊन बसस्टँडवर गाठलं. ते काही ऐकेनात. "आमचाच आहे हा. तुमच्या वीराचं नाव सांगा, कसा गेला ते सांगा, मग बघू."

दहावीपासून नोकरीपर्यंत सगळं दिनेशने ह्या वीराकडे मागितलं होतं. नाव तेवढं विचारायचं राहिलं होतं. शरमेने त्याने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"लहानू," आई म्हणाली. "तुझा सख्खा काका. विहिरीत पडलेलं वासरू काढाया उतरला. वासरू तेवढं वर आलं."

"मग घोडा?"

"घोडा सोनाराचा. लहानूला सायकलबी येत नव्हती."

दिनेशला हसू फुटलं, आणि लगेच त्या हसण्याचं फार वाईट वाटलं. रावजींनी वाटी पुढे केली आणि आपली घेतली.

"तुमच्या वीराचं नाव काय?" दिनेशने विचारलं.

"आईला ठाऊक होतं. मी शाळेत असतानाच ती गेली." रावजींनी आपला टाक उन्हात धरला. "नाक कसं शाबूत राहिलं बघा. तेव्हापासून कुणी घासलंच नाही."

घरी आल्यावर दिनेशने कुणी न सांगता रांगोळी घेतली आणि काकाला जोर लावून घासायला बसला.

"हळू रे," सावित्रीबाई म्हणाल्या. "आता डोळेच तेवढे राहिलेत त्याचे."